शून्याची ट्यूब : सी-टू आणि पेशीपटल, प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

प्लाझ्मिड आलं, म्हणजे हव्या त्या प्रथिनाचं जनुक असलेला डीएनएचा तुकडा. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने साध्या टपालाने पाठवलं. पाकिटात फिल्टर पेपरचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलने काढलेला रुपयाएवढा गोल. डीएनए त्या गोलात सुकलेला आहे, दिसत काहीच नाही. कात्रीला स्पिरिट लावून गोल कापला, बारीक तुकडे केले, थोड्या बफरमध्ये (सामू कायम ठेवणारं द्रावण) तासभर भिजवले. त्यातले दोन मायक्रोलिटर ई. कोलाय या जीवाणूंत टाकले, प्रथिन तेच बनवणार. बाकीचं पाणी मायनस वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. दुसरा गोल मागायची वेळ येऊ नये.

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या चौथ्या सेमिस्टरचा प्रकल्प आहे हा. प्रोटीन कायनेज सी-अल्फा नावाचं एक संदेशवाहक प्रथिन आहे. इशारा मिळेपर्यंत ते पेशीच्या द्रवात तरंगत असतं, मिळाला की पटलाकडे धावतं. त्या धावण्यात त्याचा सी-टू नावाचा भाग पुढे असतो, साधारण १३० अमिनो आम्लांचा. तेवढाच भाग घेऊन मला बघायचंय की तो पटलाला कसा चिकटतो आणि कशामुळे सुटतो.

१३ जानेवारी

प्लेटवर जीवाणूंच्या चाळीसेक कॉलनी. चार उचलल्या.

१७ जानेवारी

थंडीचा फायदा घेतला. आमच्या शेकरला (जीवाणूंचे फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) कूलिंग नाही. ३७ अंशांवर वाढवलेल्या पेशींना तिथेच आयपीटीजी (प्रथिन बनवायचा इशारा देणारं रसायन) दिलं तर प्रथिन भराभर बनतं, पण नीट घडी न पडता गोळे होऊन बसतं आणि विरघळत नाही. ते सावकाश, थंडीत बनायला हवं. जानेवारीत नागपूरच्या रात्री चांगल्याच गार असतात. म्हणून प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या काकांच्या मदतीने शेकर उत्तरेकडच्या खोलीत नेला आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. रात्री अकराला फ्लास्कचं तापमान २१ होतं, पहाटे साडेपाचला १९. मी स्वेटर, मफलर घालून बाकावर बसून होते. हे काम फेब्रुवारीच्या आत उरकायलाच हवं. मार्चमध्ये ही खोली भट्टी होते.

१८ जानेवारी

विरघळलेल्या भागात प्रथिन आहे, आणि भरपूर आहे. जेलवर प्रथिनं आकारानुसार वेगळी होऊन पट्ट्यांसारखी दिसतात, प्रत्येक नमुन्याची एक लेन. तिथे जाड पट्टा दिसला तेव्हा काकांनाही बोलावून दाखवला.

२३ जानेवारी

आपलं प्रथिन जीएसटी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जोडून बनवलंय. जीएसटी ग्लुटाथायोनच्या मण्यांना चिकटतं, त्यामुळे सगळ्या गर्दीतून आपला माल वेगळा काढता येतो. निम्मा माल जोडीसकट काढून ठेवला, पुढे तुलनेला लागेल. उरलेल्यावर मणी कॉलममध्ये असतानाच थ्रॉम्बिन टाकलं. थ्रॉम्बिन दोघांना जोडणारा दुवा कापतं, जीएसटी मण्यांवर राहतं आणि सी-टू खाली उतरतं. किटमधला बफर जसाच्या तसा वापरला. रात्रभर ठेवलं, सकाळी जेल लावलं: १५ आणि २० किलोडाल्टनच्या मधे एकच स्वच्छ पट्टा. लहान लहान वाटे करून गोठवले.

३० जानेवारी

आता दुसरी बाजू, म्हणजे पटल. खऱ्या पेशीचं पटल गुंतागुंतीचं असतं. आपण दोनच लिपिडं (पटलाचे तेलकट रेणू) घेतोय. पीसी, म्हणजे फॉस्फटिडिलकोलीन, हे विद्युतदृष्ट्या उदासीन. पीएस, म्हणजे फॉस्फटिडिलसेरीन, यावर ऋण प्रभार. प्रमाण ७५ ला २५. पेशी पीएसला जाणीवपूर्वक पटलाच्या आतल्या थरात ठेवते. त्यासाठी ऊर्जा खर्चून लिपिडं आत ओढणारी प्रथिनंच आहेत तिच्याकडे. म्हणजे पटलाचा आतला चेहरा ऋण आणि बाहेरचा जवळपास उदासीन. आपले २५ टक्के पीएसचे बारीक फुगे, म्हणजे लायपोसोम, ही त्या आतल्या चेहऱ्याची ढोबळ नक्कल.

लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये येतं. प्लास्टिकची टिप चालत नाही, क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधलं काहीबाही विरघळवून आणतो. काचेच्या सिरिंजने मोजून गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घेतलं. नायट्रोजनची बारीक धार सोडत फ्लास्क हातात फिरवत राहिले. पाचेक मिनिटांत द्रव उडाला आणि काचेवर थर उरला. कोमट दुधावर नुकती धरू लागलेली साय असते ना, तसा. उजेडाकडे तिरपा धरला की त्यात जांभळा-हिरवा रंग सरकतो. तो रंग नाहीसा होईपर्यंत फिरवू नये, थर फाटतो. हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

रात्रभर व्हॅक्यूम.

३१ जानेवारी

आमच्याकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून कण तळाशी बसवणारं यंत्र) नाही. साध्या लायपोसोमना खाली बसवायला लाखभर जी, म्हणजे गुरुत्वाच्या लाखभर पट जोर लागतो, आमचं टेबलावरचं यंत्र १६,००० वर थांबतं. मॅडमनी जुनी युक्ती सांगितली: लायपोसोमच्या पोटात साखर भरायची. थर १८० मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणाच्या दाटपणाचं माप, त्याचा हजारावा भाग मायक्रोमोलर) सुक्रोजच्या बफरमध्ये भिजवला, द्रव नायट्रोजन नसल्यामुळे मायनस ऐंशीत गोठवून पाच वेळा वितळवला, ४०० नॅनोमीटरच्या गाळणीतून काढला. मग बाहेरचं पाणी बदलून १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडचं केलं. आत-बाहेर ऑस्मोटिक दाब साधारण सारखा, त्यामुळे फुगे फुटत नाहीत. पण आत साखर असल्याने जड झाले. १६,००० जी, अर्धा तास, चार अंश. ट्यूबच्या तळाशी बाजरीच्या दाण्याएवढा दुधी ठिपका बसला. मोठं यंत्र नसताना हा ठिपका दिसला, खूप आनंद झाला.

४ फेब्रुवारी

पहिला खरा प्रयोग. प्रत्येक ट्यूब १०० मायक्रोलिटर.

पहिली: फक्त प्रथिन, लायपोसोम नाही. दुसरी: लायपोसोम, कॅल्शियम शून्य. तिसरी: लायपोसोम आणि १ मिलिमोलर कॅल्शियम. फिरवलं, वरचं पाणी वेगळं, तळाशी बसलेला ठिपका, म्हणजे पेलेट, वेगळी, दोन्ही जेलवर. लायपोसोमला चिकटलेलं प्रथिन त्यांच्याबरोबर पेलेटमध्ये जातं.

पहिल्यात प्रथिन वरच्या पाण्यात, हे बरोबर. तिसऱ्यात पेलेटमध्ये, हेही बरोबर. दुसऱ्यातही पेलेटमध्ये. आणि तिसऱ्याइतकंच.

सगळ्या पुस्तकांत लिहिलंय की हा सी-टू कॅल्शियमवर अवलंबून आहे. प्रोटीन कायनेज सी या नावातल्या ‘सी’चा अर्थच मुळी कॅल्शियम. जपानमध्ये कोबे इथे यासुतोमी निशिझुका यांच्या गटाला १९७७ मध्ये हे एन्झाइम सापडलं आणि दोनच वर्षांत कळलं की त्याला कॅल्शियम आणि पटलाचं लिपिड दोन्ही लागतं. मग माझ्या ट्यूबमध्ये कॅल्शियम न घालता ते चिकटलं कसं?

५ फेब्रुवारी

पुन्हा केलं. तेच.

मॅडमना जेल दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “अगं, शून्यात काय आहे?”

मी म्हटलं, “काहीच नाही घातलं मॅडम.”

“घातलं नाहीस हे ठीक. आहे काय, ते सांग. ईजीटीए घातलेली ट्यूब कुठे आहे?”

ती नव्हती. ईजीटीए कॅल्शियमला एकास एक धरून ठेवतो, मॅग्नेशियमला मात्र फारसा हात लावत नाही. तो घातला असता तरच शून्याला शून्य म्हणता आलं असतं. पेशीच्या आत निवांत वेळी मोकळं कॅल्शियम ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास असतं, बाहेर साधारण १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. पेशी ते सतत बाहेर उपसत असते, म्हणून तिथे ‘शून्य’ टिकतं. माझ्या ट्यूबमधून कोण उपसणार होतं?

६ फेब्रुवारी

ईजीटीए एक मिलिमोलर घातला: प्रथिन पूर्ण वरच्या पाण्यात. म्हणजे प्रथिन चांगलं आहे, लायपोसोमही चांगले आहेत. कॅल्शियम कुठून तरी येतंय.

काचेची भांडी धुणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, सोमवारी नळाला पाणी नव्हतं ना, तर बोरचंच घेतलं मी. त्या पाण्यात डाळबी शिजत नाही बाप्पा. आमच्या घरी कुकरच्या बुडाला पांढरा थर बसून राहते.”

मी वही तिथेच उघडली. डाळ न शिजण्याचं कारण आणि माझ्या ट्यूबमधला घोटाळा रसायनदृष्ट्या एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. डाळीच्या पेशीभित्तिकेत पेक्टिन असतं, त्यावर ऋण प्रभार. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, तो पेक्टिनच्या दोन धाग्यांच्या मधे बसतो आणि त्यांना बांधून टाकतो, दाणा टणक राहतो. सी-टूच्या टोकाला तीन वेटोळी आहेत, त्यात ऋण प्रभाराची पाच अस्पार्टेट. समोर पीएसचं ऋण पटल. दोघं एकमेकांना ढकलणारच. कॅल्शियम मधे आला की वेटोळ्यांचा ऋण प्रभार झाकला जातो, तो भागच धन होतो आणि शिवाय कॅल्शियम स्वतः लिपिडच्या डोक्याला धरतो. १९९९ मध्ये या सी-टूची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तिच्यात पीएसचा छोटासा रेणू कॅल्शियमला लगटून बसलेला दिसतो.

हिशेब केला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आहे. तेवढंच धरलं आणि सगळा कठीणपणा कॅल्शियमचा मानला, तरी ते २ मिलिमोलर झालं. माझ्या ट्यूबमध्ये त्याचे पाच मायक्रोलिटर गेले तर १०० मायक्रोमोलर.

१० फेब्रुवारी

सगळी काच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतली, मग सहा वेळा डिस्टिल्ड वॉटरने. बफर प्लास्टिकच्या बाटल्यांत नव्याने केले आणि कॅल्शियम शोषणाऱ्या रेझिनवरून नेले. चार दिवस गेले यात.

११ फेब्रुवारी

शून्याची ट्यूब अजूनही चिकटतेय. तेवढीच. पट्टा तसूभरही फिका नाही.

घरी आल्यावर बोललेच नाही कुणाशी. आईने सांबारवडी केली होती, तीही गार झाल्यावर खाल्ली.

१३ फेब्रुवारी

सापडलं. रात्री थ्रॉम्बिनच्या किटचा कागद पुन्हा वाचत होते. बफरमधल्या घटकांत तिसऱ्या ओळीत: कॅल्शियम क्लोराइड, २.५ मिलिमोलर.

२३ जानेवारीला मीच लिहिलंय, जसाच्या तसा वापरला. प्रथिन त्याच बफरमध्ये उतरलं, त्याच बफरमध्ये गोठलं. दर ट्यूबमध्ये त्याचे दहा मायक्रोलिटर, म्हणजे २५० मायक्रोमोलर कॅल्शियम. निवांत पेशीतल्यापेक्षा अडीच हजार पट. भांडी कितीही धुतली असती तरी फरक पडला नसता, कारण मी कॅल्शियम प्रथिनाबरोबर हातानेच घालत होते.

दोन रात्री डायलिसिस (प्रथिन पिशवीत राहतं, कॅल्शियमसारखे लहान कण तिच्या छिद्रांतून बाहेर जातात): आधी ईजीटीए असलेल्या बफरमध्ये, मग ईजीटीए नसलेल्या रेझिन-शुद्ध बफरमध्ये तीनदा बदलून.

१७ फेब्रुवारी

शून्याची ट्यूब शून्य झाली. पेलेटची लेन कोरी, प्रथिन सगळं वर. कॅल्शियम घातल्यावर सगळं खाली.

मग एक ट्यूब काकांसाठी लावली. कॅल्शियमच्या जागी कॉलेजच्या बोरचं पाणी, पाच मायक्रोलिटर. प्रथिन खाली गेलं. त्यांना जेल दाखवून म्हटलं, हा तुमचा पट्टा. ते चष्मा लावून जवळ आले, बघितलं, म्हणाले, “म्हंजे डाळीचंच खरं निघालं ना?” हो. त्यांचं म्हणणं खरंच होतं, फक्त माझ्या चुकीमागे ते झाकलं गेलं होतं.

यापुढे दर जेलवर ईजीटीएची लेन.

२० फेब्रुवारी

फक्त पीसीचे लायपोसोम, कॅल्शियम १ मिलिमोलर: जवळजवळ काहीच चिकटलं नाही. पीएस लागतंच.

२४ फेब्रुवारी

लाइट गेली. सेंट्रिफ्यूज आपोआप मंदावत थांबलं, पेलेट विस्कटल्या. आजचं सगळं फेकलं.

२७ फेब्रुवारी

ईजीटीए आणि कॅल्शियमचं प्रमाण बदलून मोकळं कॅल्शियम ठरवलं. ईजीटीएने कॅल्शियम धरला की तो प्रोटॉन सोडतो, सामू घसरतो आणि मग त्याची पकडही बदलते. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा सामू ७.४ आहे का ते तपासून घेतलं. मीटर तीनदा कॅलिब्रेट केला.

०.१ मायक्रोमोलरला पेलेट कोरी. १ ला फिका पण नक्की दिसणारा पट्टा. १० ला ठसठशीत. १०० ला १० इतकाच.

संदेश आल्यावर पेशीत कॅल्शियम साधारण ०.१ वरून १ मायक्रोमोलरकडे चढतं. म्हणजे पट्टा जिथे उगवायला लागतो नेमका तोच टप्पा पेशी वापरते. हे पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, पण जेलवर डावीकडून उजवीकडे तो गडद होत जाताना बघणं वेगळं.

३ मार्च

आज प्रयोग नाही, विचार लिहून ठेवते. प्रथिन पटलाजवळ नेल्याने पेशीला मिळतं काय?

समजा पेशीची त्रिज्या १० मायक्रोमीटर. पटलाच्या आतल्या बाजूला १० नॅनोमीटर जाडीचा थर धरला. त्या थराचं आकारमान पूर्ण पेशीच्या ३ × १० ÷ १०,०००, म्हणजे हजारातले तीन भाग. द्रवात पसरलेली सगळी प्रथिनं त्या थरात आली तर त्यांची दाटी सुमारे ३३० पट होते. नवीन प्रथिन न बनवता, काही सेकंदांत. मोठ्या मैदानात विखुरलेल्या दोघांची भेट होणं अवघड, बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत धक्का लागल्याशिवाय राहत नाही.

दुसरं म्हणजे पटल नुसतं उभं राहायची जागा देत नाही. बाहेरून हार्मोन आलं की पटलातलंच पीआयपी-टू नावाचं लिपिड फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम कापतं. त्याचा पाण्यात विरघळणारा तुकडा आयपी-थ्री आत जाऊन साठ्यातून कॅल्शियम सोडवतो. तेलकट तुकडा डायअसिलग्लिसरॉल पटलातच राहतो. सी-टू कॅल्शियमच्या जोरावर पूर्ण प्रथिनाला पटलावर आणतो आणि मग शेजारचा सी-वन भाग तो तेलकट तुकडा पकडतो. दोन्ही हात टेकले की प्रथिनाच्या पोटात अडकलेला खोटा घास (कामाची जागा अडवणारा त्याचाच तुकडा) सुटतो आणि एन्झाइम कामाला लागतं. एकाच लिपिडच्या दोन तुकड्यांनी एकाच प्रथिनाला दोन वेगळ्या बाजूंनी बोलावलं.

सी-वनला फसवताही येतं. फॉर्बोल एस्टर डायअसिलग्लिसरॉलची जागा घेतात आणि पेशी त्यांना पटकन मोडू शकत नाही, त्यामुळे एन्झाइम चालूच राहतं. हे १९८२ मध्ये दाखवलं गेलं. फॉर्बोल एस्टर येतात जमालगोट्याच्या तेलातून. तोच जमालगोटा, ज्याचं नाव आजीने काढलं की आम्ही पळायचो. त्या तेलाने उंदरांच्या कातडीवर गाठी वाढतात हे आधीपासून माहीत होतं, कारण मात्र असं पटलाजवळ सापडलं.

६ मार्च

जीएसटी जोडलेलं प्रथिन (अर्थात डायलिसिस करूनच) विरुद्ध मोकळं सी-टू. जोडलेलं १ मायक्रोमोलरलाच जवळजवळ सगळं खाली. आधी वाटलं पकड चांगली आहे. पण जीएसटी जोडीने राहतं, म्हणजे एका रेणूला दोन सी-टू. एक सुटला तरी दुसरा धरून असतो. हा आकडा सी-टूचा नाही, जोडीचा आहे. कापायला जे थ्रॉम्बिन वापरलं त्याने मला तीन आठवडे छळलं, तरी कापलं तेच बरं झालं.

२५ मार्च

मध्ये अंतर्गत परीक्षा झाल्या. आज शेवटचा मोठा प्रयोग: पकड सुटते का?

१०० मायक्रोमोलर कॅल्शियमवर प्रथिन लायपोसोमवर बसवलं, फिरवलं, वरचं पाणी काढून टाकलं. पेलेट ईजीटीएच्या बफरमध्ये हलक्या हाताने सोडली. टिप भिंतीला टेकवून, फुगे न करता, वीसेक वेळा. दुधी ठिपका उलगडून पाणी ढगाळ झालं. पाच मिनिटं बर्फावर. पुन्हा फिरवलं. निम्मं वरचं पाणी आणि निम्मी पेलेट बाजूला. उरलेल्या निम्म्या पाण्याला उरलेल्या पेलेटसकट कॅल्शियम दिलं, ईजीटीएला पुरून उरेल इतकं, आणि तिसऱ्यांदा फिरवलं.

रात्री नऊला जेल रंगातून काढलं. पहिल्या फेरीत पट्टा पेलेटमध्ये. दुसऱ्या फेरीत पेलेट कोरी, पट्टा पाण्यात. तिसऱ्या फेरीत पट्टा परत पेलेटमध्ये, थोडा फिका, कारण माल निम्माच होता.

तेच रेणू. बसले, उठले, परत बसले.

२ एप्रिल

जेल सुकवतेय. सेलोफेनच्या दोन कागदांमध्ये, चारी बाजूंनी क्लिपा लावून. नुसतं ठेवलं तर या उन्हात दुपारभरात तडकतं, मागचं एक असंच गेलं. म्हणून आधी ग्लिसरॉलच्या पाण्यात तासभर भिजवलं आणि खिडकीपासून दूर, कूलरच्या झोतातही येणार नाही अशा कोपऱ्यात उभं केलंय. सहा लेन, तीन निळे पट्टे. काकांना सांगून ठेवलंय की त्या कोपऱ्यातला पंखा लावू नका. सी-टूचे तीन वाटे मायनस ऐंशीत शिल्लक आहेत, डबीवर लाल पेनने लिहिलंय: डायलिसिस झालेलं.